बाहेर सोडलेली वादी

खोटं सांगून माझ्या पदरात काही पडायचं नाही. मी साखर कारखान्यासाठी बीट वाहणारा ट्रक ड्रायव्हर. गोष्टी रचणं हे माझं काम नव्हे. ज्या बाईवर हे ओढवलं ती माझी सख्खी मावशी आहे, अजून हयात आहे. तिच्या तोंडून मी हे सगळं ऐकलंय. आणि शेवटचा थोडा भाग तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

तारीख एकोणतीस ऑक्टोबर २०११. वार शनिवार.

वेळ दुपारी अडीचची.

हो, दुपारीच. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आमच्या प्लॅट नदीकाठी ऑक्टोबरातली दुपार एकट्यानं काढून बघावी. मग बोलू.

जागा म्हणजे लूमिसचं घर. नेब्रास्काच्या पार पश्चिमेला, जुन्या गाडीवाटेच्या कडेला. दीडशे वर्षांपूर्वी लोक बैलगाड्यांत अख्खा संसार भरून याच वाटेनं पश्चिमेकडे गेले. त्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या घरासमोर अजून आहेत, उभं राहिलं तर कमरेला लागतील इतक्या खोल. घर ओंडक्यांचं, दोनच खोल्यांचं. आता ते गावानं जपून ठेवलंय. मे ते ऑक्टोबर उघडं असतं, बाकीचे महिने कुलूप.

आर्डिथमावशी तिथं नऊ वर्षं राखणदार होती. झाडलोट करायची, उंदरांच्या लेंड्या काढायच्या, आणि शाळेची पोरं आली की त्यांना दाराची गोष्ट सांगायची.

ती गोष्ट तुम्हालाही ठाऊक हवी.

त्या दाराला आतून लाकडाची खिटी आहे. खिटीला चामड्याची वादी बांधलेली, आणि ती दारातल्या भोकातून बाहेर सोडलेली. बाहेरच्या माणसानं वादी ओढली की आत खिटी उचलली जाते आणि दार उघडतं. वादी आत ओढून घेतली की मात्र संपलं. बाहेरचा बाहेरच. त्या काळी वाटेवरच्या घरांचा रिवाज असा होता, की वादी कायम बाहेर ठेवायची. थकलाभागला कुणीही येईल, विस्तवाशी बसेल.

पटकीच्या साथीच्या साली या घराच्या मालकिणीनं, हुल्डा लूमिसनं, ती आत ओढून घेतली. एकदाच. सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक बाई आणि तिची दोन पोरं. तिघंही गारठून मेलेली.

त्यानंतर हुल्डा चाळीस वर्षं जगली. वादी पुन्हा कधी आत गेली नाही. गावानं घर ताब्यात घेतलं तेव्हाही हा नियम पाळला. बंद करताना कुलूप बाहेरून घालायचं, वादी तशीच लोंबती ठेवायची.

"आणि हे बघ, वादीला हात..." त्या शनिवारीही व्हेस्टाबाईंनी सुरू केलंच. व्हेस्टाबाई म्हणजे मावशीच्या आधीच्या राखणदार. वय ब्याऐंशी, जीभ अठरा वर्षांची.

"लावायचा नाही. माहितीये. नऊ वर्षं ऐकतेय."

"मग दहाव्यांदा ऐक, झिजत नाहीस." व्हेस्टाबाईंनी काचेच्या कपाटाला कुलूप घातलं. त्यात हुल्डाच्या हातची गोधडी असते. किल्ली पर्समध्ये टाकली. "चला. मेपर्यंत मेले नाही तर भेटू."

"तुम्ही कुठल्या मरताय! आम्हाला सगळ्यांना पोचवाल आणि मग सावकाश निघाल."

व्हेस्टाबाई हसल्या. मग जवळ आल्या आणि मावशीची हनुवटी धरून म्हणाल्या, "डोळे बघ तुझे. खोल गेलेत अगदी. झोपतेस का गं काही?"

"सोमवारपासून झोपेन."

व्हेस्टाबाई तिचा गाल थोपटून निघाल्या. सोमवारचं त्यांना माहीत होतं.

सोमवारी मर्लकाकांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं होतं.

मर्लकाका, मावशीचा नवरा. उभा जन्म रेल्वेत काढलेला माणूस, हातानं इंजिन खोलून जोडणारा. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चाव्या विसरले, मग रस्ते, मग आम्ही. दोन वर्षांपासून मावशीलाही ओळखत नव्हते. तिला 'बाई' म्हणायचे. अहो-जाहो करायचे.

"बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. तुमच्या नवऱ्याला सांगा माझ्याकडून."

"सांगते की. ऐकतो कुठं तो!" मावशी म्हणायची, आणि त्यांच्या शर्टाची गुंडी लावायची.

पण ते रात्री उठून चालायला लागायचे. एकदा महामार्गावर सापडले, अनवाणी. तेव्हापासून मावशी झोपताना गाऊनचा पट्टा एका टोकानं त्यांच्या मनगटाला आणि दुसऱ्या टोकानं स्वतःच्या मनगटाला बांधायची. दीड वर्ष अशी झोप. बाईचा पार चोथा झाला होता हो. आम्ही सगळे म्हणायचो, मावशी, आता पुरे कर. ती म्हणायची, एवढा हंगाम संपू दे.

तो हंगामाचा शेवटचा दिवस होता. कामावर ती त्यांना बरोबरच आणायची. दुसरं करणार काय?

दोघांनी शेगडीजवळ बसून राजमा-खिम्याची चिली खाल्ली, दालचिनीचा रोल अर्धा-अर्धा केला. मर्लकाका हुल्डाच्या झुलत्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत कुणाला बसू द्यायचं नसतं, पण आज कोण बघणार होतं?

"बाई, बाहेर लोक आलेत."

मावशीनं खिडकीतून पाहिलं. चाकोऱ्या. पिवळं गवत. काळंभोर आभाळ.

"कुणी नाही, मर्ल."

"पोरं आहेत त्यांच्याबरोबर. थंडी वाजतेय त्यांना."

"बरं. आलेच तर आत घेऊ हं."

ती आतल्या खोलीत गेली. सामानावर चादरी टाकायच्या होत्या. दहा मिनिटं लागली असतील. बाहेर डोकावली तर मर्लकाका खुर्चीत तसेच. तिच्याकडे पाठ. अंगात लाल-काळ्या चौकड्यांचं जाकीट. खुर्ची हळूहळू झुलत होती.

खिडकीबाहेर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं.

आणि मावशीच्या मनात आलं, की आता कशाला कुणी येतंय! या बर्फात चिटपाखरू येणार नाही. अर्धा तास. फक्त अर्धा तास पाठ टेकावी.

पण आडवं पडल्यावर कुणी आलं, तर उठावं लागेल. हसावं लागेल. गोष्ट सांगावी लागेल.

ती खुर्चीच्या मागूनच दाराशी गेली. खिटीची वादी बोटावर गुंडाळली...

आणि आत ओढून घेतली.

"काहीच झालं नाही रे," ती मला सांगत होती. "मला वाटलं होतं विजेसारखं काहीतरी होईल. काही नाही. नुसतं बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की रडू आलं."

आतल्या खोलीत हुल्डाची खाट आहे. मावशी त्यावर पडली. पडल्या जागेवरून खुर्चीची पाठ दिसत होती आणि जाकिटाचा खांदा. शेगडीची ऊब होती. डोळे मिटले.

मग कुणीतरी तिच्या पायांवर पांघरूण घातलं.

अलगद. पायाच्या बाजूनं खोचलंसुद्धा, लहान मुलाला खोचतात तसं.

तिला वाटलं, मर्ल. किती वर्षांनी केलं यानं असं. तिनं डोळे उघडले नाहीत.

आणि मग...

खर्र. खर्र.

दारावर नखं ओढल्याचा आवाज. खालच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर.

उंदीर, तिनं स्वतःला सांगितलं.

मग आवाज वर सरकला, वादीच्या भोकापाशी. भोकात बोट घालून कुणीतरी चाचपत होतं. वादी शोधत होतं. एक बोट गेलं, दुसरं आलं. मग कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडा खोकला. लहान पोराचा.

"मर्ल," ती झोपेतच म्हणाली, "बघ रे कोण आहे."

"कुणी नाही," खुर्चीतून आवाज आला. "झोप तू. किती दमलीयेस."

खुर्ची झुलत राहिली. कर्र... कर्र...

ती झोपली.

किती वेळ गेला, तिला ठाऊक नाही. पुन्हा ऐकू आलं तेव्हा दारावर थापा पडत होत्या. मोठ्या हाताच्या. मग त्याही हळू हळू होत गेल्या.

आणि हाक आली. बाहेरून.

"आर्डी..."



जगात तिला आर्डी म्हणणारा एकच माणूस होता. आणि तो दोन वर्षांपूर्वी ते नाव विसरला होता.

"आर्डी, अगं दार उघड ना. वादी सापडत नाहीये मला."

तिनं मान वळवली. जाकिटाचा खांदा तिथंच होता. खुर्ची झुलत होती. मर्ल आत होता. मग बाहेर मर्लच्या आवाजात बोलणारं कोण होतं?

नऊ वर्षं ज्यांची गोष्ट पोरांना सांगत आली, ते आले, असं तिला वाटलं. मी वादी ओढली म्हणून आले. आणि आता त्याचा आवाज काढून मला फसवतायत.

"झोप," खुर्चीतला आवाज म्हणाला. "थोड्या वेळानं आपोआप थांबतं."

मावशी पडून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पडून राहिली.

"आर्डी, रागावलीस का? माझे हात बधिर झालेत गं. पोरांना तरी आत घे आधी..."

मग थापा थांबल्या.

खरंच थांबल्या. शेगडीतसुद्धा आवाज उरला नाही. एवढी शांतता, की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

एकच श्वास.

मर्लकाकांचा श्वास घरघरायचा. दीड वर्ष तिच्या मनगटाला बांधलेला तो श्वास, झोपेतही ती त्याच्यावर कान ठेवून असायची. खुर्ची सहा हातांवर होती...

आणि खुर्चीतून श्वास येत नव्हता.

ती उठली. तेव्हा तिला दिसलं, की अंगावर हुल्डाची गोधडी आहे. कपाटातली. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं.

ती खुर्चीला वळसा घालून समोर गेली.

खुर्चीत कुणीच नव्हतं. जाकीट पाठीवर अडकवलेलं होतं. खुर्ची मात्र झुलत होती, कुणी नुकतंच उठावं तशी.

ती दाराकडे धावली. खिटी उचलायला गेली, तर उचलेना! वरून कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखी. तिच्या बोटांना त्या हाताचा गारवा लागत होता.

"सोड!" मावशी ओरडली. "सोड गं बाई, माझा नवरा आहे तो!"

आणि हात निघाला. खिटी उचलली गेली.

मर्लकाका पायरीवर बसले होते. नुसत्या शर्टात. केसांत बर्फ, ओठ निळे, आणि उजव्या हाताच्या बोटांची टोकं रक्ताळलेली. त्यांनी मान वर केली, तिला नीट पाहिलं.

"आर्डी," ते म्हणाले, "आधी पोरांना."

तिला कुणी पोरं दिसली नाहीत. तरी ती बाजूला झाली. दार धरून उभी राहिली. तिच्या गुडघ्यांजवळून गार वाऱ्याची एक झुळूक आत गेली, मग दुसरी, मग कमरेच्या उंचीवरून एक. त्यानंतर तिनं नवऱ्याला काखेत धरून ओढत आत घेतलं, गोधडीत गुंडाळलं, आणि अॅम्ब्युलन्सला फोन करून लगेच मला केला.

मी जवळच्याच शेतावर बीट भरत होतो. अर्धा भरलेला ट्रक तसाच हाणला. पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि बर्फ थांबलं होतं. म्हणजे मावशीचा तो अर्धा तास जवळजवळ दीड तासांचा झाला होता.

आता मी पाहिलं ते सांगतो. शपथेवर सांगतो.

घराभोवती बर्फात काकांच्या बुटांचे ठसे होते. फेऱ्यावर फेऱ्या मारल्या होत्या त्यांनी. मागच्या बंद दाराला गेले, खिडकीपाशी गेले, पुन्हा पुढच्या दाराशी आले. ते कळण्यासारखं होतं.

पण चाकोऱ्यांकडून दारापर्यंत आणखी ठसे होते... दोन लहान पायांचे. अनवाणी. आणि बाईच्या अरुंद बुटांचे.

तिन्ही येणारे होते. परत गेलेला एकही नव्हता.

मी आत जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या. खाटेखालीसुद्धा वाकून पाहिलं. 

संध्याकाळी व्हेस्टाबाई दवाखान्यात आल्या. काकांच्या अंगावरची गोधडी बघून मटकन बसल्या. पर्समधून किल्ली काढली आणि नुसती हातात धरून राहिल्या. 

काकांना न्यूमोनिया झाला. आठ दिवस होते. शुद्धीत आले की एकच विचारायचे, "पोरं आत गेली का?" मावशी म्हणायची, "गेली रे, गेली." मग झोपायचे. नवव्या दिवशी उठलेच नाहीत. वृद्धाश्रमाची खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मावशीनं ते काम सोडलं. गावात एक छोटं घर भाड्यानं घेतलं. गेल्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारचीच वेळ. पत्र्याच्या दाराला तिनं भोक पाडून घेतलंय. आतल्या कडीला चामड्याची वादी, आणि ती बाहेर लोंबती.

"मावशी, अगं कुणीही घुसेल!" मी म्हटलं.

"घुसू दे."

तिनं कॉफी ओतली.  मग जे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

"तुला मी सांगितलं होतं ना, खुर्चीतला आवाज मला मर्लचा वाटला म्हणून?"

"हो."

"तो बाईचा आवाज होता."



"पहिल्यांदा बोलली तेव्हाच कळलं होतं मला. आणि बाहेरची हाक मर्लची आहे, हेसुद्धा कळलं होतं. आतून कळतंच रे माणसाला. त्रेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज." तिनं कप खाली ठेवला. "लोक म्हणतात हुल्डानं भीतीनं वादी ओढली. पटकीच्या भीतीनं. खोटं आहे ते. ती दमली होती. रोज कुणीतरी यायचं, रोज कुणीतरी मरायचं, रोज तिनंच उठायचं. तिला एक दिवस झोपायचं होतं. मी तिच्या खाटेवर झोपलेय, मला माहितीये."

"मावशी, तू घाबरली होतीस..."

"नाही रे बाळा. मी घाबरले नव्हते. मला वाटलं, थोडा वेळ. अजून थोडा वेळ असंच पडू दे. मग उठेन."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात...

खट्.

दाराची कडी हलली. वादी बाहेरून ओढली गेली होती. मी पाहिलं, आतली गाठ भोकापर्यंत जाऊन परत सैल पडली. दार इंचभर उघडलं.

माझ्या हातातली कॉफी सांडली. मावशी मात्र दचकली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत उठली. दाराशी गेली, ते पूर्ण उघडलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. बाहेर रस्ता रिकामा होता. ती तशीच उभी. एक मिनिट, दोन मिनिटं. माझ्या पायांजवळून गार काहीतरी सरकलं. मी पाय वर घेऊन बसलो, लहान पोरासारखा. सांगायला लाज वाटते, पण बसलो.

मग तिनं दार लोटून घेतलं. वादी बाहेर आहे ना ते पाहिलं.

"रोज असं?" मी विचारलं. 

"जवळजवळ. कधी दोघं, कधी पाच-सहा. त्या वाटेवर खूप माणसं गेली रे."

"आणि किती वेळ उभी राहतेस?"

"सगळे आत येईपर्यंत."

ती पुन्हा खुर्चीत बसली. पाय चोळत राहिली. मी एक गोष्ट विचारणार नव्हतो. मनात आली होती, पण विचारणार नव्हतो. तिनंच सांगितलं.

"तो येत नाही," मावशी म्हणाली. "सगळे येतात. तेवढा एकच येत नाही."